मुख्य संशोधक

"चार, सात… पुढचा आकडा नीट दिसत नाही गं. नऊ असेल," फोनवर सर म्हणाले.

अर्जवालीनं नऊ टाकला. ओटीपी पुन्हा चुकला. शेजारी उभ्या असलेल्या तरुण डॉक्टरणीचा चेहरा उतरला. "ताई, आता चुकला की अर्ज कायमचा बंद. मॅडमचं सगळं काम पाण्यात."

सरकारी योजना हुडकायच्या आणि शास्त्रज्ञांचे अर्ज पोर्टलवर चढवायचे, हे करता करता अर्जवालीचं खरं नाव संशोधन संस्था विसरूनच गेली होती. मॅडमचा क्षयरोगाच्या औषधाचा अर्ज अर्धा भरून झाला होता आणि मॅडमच गेल्या. आज शेवटची तारीख. मुख्य संशोधक म्हणून डॉक्टरणीचं नाव घालायचं, तर आधी मॅडमचं काढायला हवं. त्याचा ओटीपी जाणार मॅडमच्याच मोबाइलवर, आणि तो आता त्यांच्या यजमानांकडे, सरांकडे. सरकारची तऱ्हाच न्यारी. मेलेल्या माणसाला विचारल्याशिवाय त्याचं नाव काढत नाही.

महिनाभर अर्ज भरताना तिला मानेमागून मॅडमचा आवाज येत होता. "ते 'कदाचित' खोड आधी. सरकार कदाचितला पैसे देत नाही." ती दचकून वळायची. मागे कपाट.

तिनं 'पुन्हा पाठवा' दाबलं, आणि तिच्या डोक्यात लख्ख उजाडलं. सर जन्मभर गणित शिकवून निवृत्त झाले होते. हा आकड्यात चुकणारा माणूस नव्हे.

"सर, मुद्दाम चुकीचा सांगताय ना?"



"तिचा फोन मी रोज चार्ज करतो, पोरी. आता कुणाचं काही येत नाही त्यावर. तुमचं पोर्टल तेवढं लिहितं, 'प्रिय डॉक्टर' म्हणून. नाव काढलंस की तेही गेलं."

तिलाही ते नाव काढायचं नव्हतं. नावामागोमाग तो आवाजही जाईल, याची तिला भीती वाटत होती.

"मॅडम असत्या ना, तर खेकसल्या असत्या तुमच्यावर."

"आधी तुझ्यावर," सर म्हणाले आणि ओल्या आवाजात हसले. मग त्यांनी एकेक आकडा स्पष्ट सांगितला. नाव गेलं. डॉक्टरणी सुटकेचा निःश्वास टाकून संचालकांची सही आणायला धावली.

पलीकडे मॅडमच्या मोबाइलवर मेसेजची टिंग वाजली. सर वाचू लागले, "प्रिय डॉक्टर, आपले नाव वगळण्यात आले आहे." मग थांबून म्हणाले, "याला उत्तर पाठवता येतं का गं?"

"नाही येत, सर."

"बरं."

दोघांनीही फोन ठेवला नाही.