पेजेतला युरिया

भुरी गोठ्यात आडवी पडली होती. तोंडाले फेस, पोट फुगून टम्म, अन् अंगभर कापरं. आठ महिन्यांची गाभण म्हैस! माझा तर जीवच अर्धा झाला.

हे सारं त्या कलाच्या तोऱ्यापायी. कला म्हणजे माझी धाकटी जाऊ. तिच्या गायीले सरकीची महागडी ढेप, आमच्या भुरीले धानाचं तणीस अन् कोंडा. म्हणून ही बया गावभर मिरवे. मग साकोलीच्या शिबिरात ऐकलं, तणसानं नुसतं पोट भरते, त्यात नत्र नाही. युरियाचं पाणी शिंपडून एकवीस दिवस झाकून ठेवा, मग ढेप कमी लागते. एकवीस दिवस कोण थांबते जी! सकाळी मी दोन मुठी युरिया सरळ भुरीच्या पेजेत कालवला.

गुरांच्या डॉक्टरांनी फोनच्या स्पीकरवर विचारलं, "काय खाल्लं तिनं?"

कला दारातच उभी होती. माझ्या तोंडून निघालं, "हिरवा चारा जादा झाला जी."

"मग अर्धा लिटर गोडं तेल पाजा. मी निघालोच."

आमच्या घरधन्यानं, सूरजच्या बाबांनी, तेलाची बाटली उचलली. भुरीनं डोळे पांढरे केले. मी बाटली हिसकली.

"नोका पाजू! डॉक्टरसाहेब, युरिया खाल्ला तिनं. मीच टाकली, दोन मुठी."

"आधी काहून नाही सांगितलं, बाई? सिरका पाजा, ते व्हिनेगर, दोन लिटर, थंड पाण्यात!"

कला पदर खोचून सिरक्यासाठी चौकातल्या चायनीजच्या गाडीकडे पळाली.

"दोन नाही, चार मुठी," सूरजचे बाबा खाली मान घालून म्हणाले. "तू पाण्याले गेली, तवा मी बी टाकलो."

"अरे देवा! मग चार लिटर," डॉक्टर ओरडले.

कलानं अख्खा कॅनच उचलून आणला. तिघांनी मिळून पाजलं. डॉक्टर आले, सुई दिली. तासाभरानं भुरीनं आंबूस ढेकर दिला अन् मान उचलली.

"म्हैस वाचली," डॉक्टर म्हणाले. "पोटातल्या रेडकाचं आत्ताच नाही सांगता येत."

मी भुरीच्या कुशीवर हात ठेवून बसली. किती वेळ, काही हालेना. हात काढायची हिंमत होईना. कला जवळ येऊन बसली, तिनंही हात ठेवला. अन् आतून लाथ बसली, आम्हा दोघींच्याही हाताले. मी तिथंच शेणात बसून मोठ्यानं रडली.