पहिल्या हुकावरचा बिल्ला

फळीवर चोवीस पितळी हूक होते, त्यांपैकी वापरात फक्त अकरा. मंगळवारी साडेसहाला ग्लेनिस हॉकिंगने सवयीने फळीकडे पाहिलं. दोन बिल्ले लटकत होते आणि वापरातले बाकीचे नऊ हूक रिकामे होते. मग कधी नव्हे ते तिने टेबलाभोवतीची माणसंही मोजली. ती स्वतः धरून आठ होती.

तिने पुन्हा मोजलं. आठच.

ऑस्ट्रेलियातल्या वॅरिंगल गावच्या सेवा क्लबाची ही जुनी रीत होती. आल्यावर फळीवरून आपला बिल्ला काढून छातीला लावायचा, जाताना परत अडकवायचा. ज्याचा बिल्ला साडेसहाला फळीवर, तो गैरहजर. अकरा वर्षं चिटणीस असलेली ग्लेनिस हजेरी फळीवरूनच लिहायची, कारण माणसं स्वयंपाकघरात जातात, सिगारेटला बाहेर जातात, हूक जागचे हलत नाहीत. पण आज फळी आणि माणसं जुळत नव्हती.

लटकणारे दोन बिल्ले कुणाचे ते तिला ठाऊक होतं. एक जण हिवाळा टाळायला कॅराव्हॅन घेऊन क्वीन्सलंडला गेला होता, दुसऱ्याचा गुडघा दुखत होता. जास्तीचा रिकामा हूक होता सगळ्यांत वरचा, डावीकडचा पहिला. तो अध्यक्षाचा. आणि अध्यक्ष आल्बी पॅस्को फेब्रुवारीत पक्षाघाताचा झटका आल्यापासून घराबाहेर पडला नव्हता.

ग्लेनिसने वहीची मागची पानं चाळली. तिच्याच नेटक्या अक्षरात लिहिलेलं होतं: गेले सात मंगळवार आल्बी पॅस्को हजर.

दूध कारखान्याच्या प्रयोगशाळेत तिची एकतीस वर्षं गेली होती. तिथे कुणी अशी चूक केली असती तर तिने त्याला दिवसभर बाटल्या धुवायला लावलं असतं. तिने वही मिटली. कुणी बिल्ला नेत होतं, आणि पुढच्या मंगळवारच्या आत परत आणून ठेवत होतं. कोण? आणि त्या पत्र्याच्या तुकड्याचं करत काय होतं?

"मुद्दा चौथा," उपाध्यक्ष मर्व्ह टिंडल म्हणाला. अध्यक्षाची खुर्ची रिकामी ठेवून तो शेजारच्या खुर्चीत बसायचा. "अध्यक्षपद. पुढच्या आठवड्यात घेऊ?"

सगळ्यांनी सुटकेने भाजलेल्या भोपळ्याकडे मोर्चा वळवला.

"पुढचे आठवडे संपत आले, मर्व्ह," लूपे म्हणाली. ती मूळची टोंगाची, इस्पितळात परिचारिका, आणि क्लबात सगळ्यांत तरुण, म्हणजे बावन्न वर्षांची. "तीस जूनपर्यंत नव्या अध्यक्षाचं नाव गेलं नाही तर क्लब बंद. आपल्याला शेजारच्या गावच्या क्लबाला जोडतील आणि आपल्या क्लबाची गाडीही तिकडे जाईल. मग थियोला डायलिसिसला कोण नेणार? आठवड्यातून तीनदा, नव्वद किलोमीटर. तू पाठुंगळीला मारणार आहेस का?"

"अगं, मी मार्चमध्ये जाऊन तोंडावर विचारलं त्याला. म्हटलं, राहणार ना लेका अध्यक्ष? हो म्हणाला. एकदा नाही, दोनदा. आता माणूस हो म्हणतोय तर त्याच्या बुडाखालची खुर्ची मी ओढू?"

"मग तो बरा होईपर्यंत तू हो."

"मला उजव्या कानाने ऐकू येत नाही, आणि डाव्याने मी ऐकत नाही. बायकोला विचार. ग्लेनिस आहे की! सगळं तिलाच तर माहीत असतं."

सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. ग्लेनिसने पेनचं टोपण काढलं, लावलं. "बघू," ती म्हणाली. एप्रिलपासून ती हेच म्हणत आली होती. लिहून काढणं तिला जमायचं. उभं राहून बोलायचं म्हटलं की जीभ टाळूला चिकटायची. आल्बीचं ते 'हो' तिच्या चांगलंच सोयीचं होतं, हे तिने अजून कुणाला सांगितलं नव्हतं.

तीस जूनच्या आधीच्या शेवटच्या मंगळवारी ती दुपारी तीनलाच सभागृहात जाऊन बसली. अकराच्या अकरा बिल्ले फळीवर होते. तिने विणकाम काढलं. सव्वाचारला दार उघडलं, आणि आल्बीची बायको नोरेल सफरचंदाच्या क्रंबलचा मोठा ट्रे घेऊन आत आली. दर मंगळवारचं गोड तिच्याकडूनच यायचं. तिने ट्रे ओट्यावर ठेवला, हात पुसले, फळीपाशी गेली आणि पहिल्या हुकावरचा बिल्ला काढून कोटाच्या खिशात टाकला.

"नोरेल."

नोरेल दचकली. "देवा! अशी मांजरासारखी काय बसलीस कोपऱ्यात? झालं, चोरी पकडलीस."

"चोरी नाही गं, हजेरी पकडली. सात आठवडे तो माझ्या वहीत हजर आहे."

नोरेल हसली, मग खुर्ची ओढून बसली. "त्याला बाकी वार कळत नाहीत, मंगळवार कळतो. बिल्ला लावल्याशिवाय जेवायला बसत नाही. आधी छाती चाचपत राहायचा, मला कळेचना काय हवंय. आता मी मंगळवारी नेते, बुधवारी झाडलोट करायला येते तेव्हा परत लावते. साडेसहाला तो बैठक सुरू केल्यासारखा चमचा कपावर वाजवतो. मग तू आमच्या टपालपेटीत टाकतेस ती विषयपत्रिका पुढ्यात घेतो. एक, दोन, तीन करत बोट खाली येतं, आणि चारवर अडकतं. तिथेच टकटक, टकटक. मग दाराकडे बघत बसतो. शेवटी मी ताट वाढते."

"चारवरच?"

"दर खेपेला. मेंदूच तिथे अडकतो बहुतेक."

ग्लेनिसने सुया आवरल्या. मेंदू अडकायचाच तर कधी दोनवर अडकेल, कधी पाचवर. दर आठवड्याला नेमका चारवर का? ती उठली आणि दोन खिळ्यांवर टांगलेली फळी तिने बिल्ल्यांसकट खाली काढली.

"हे कशाला गं?"

"अजून मला माहीत नाही. मी येऊ तुझ्याबरोबर?"

आल्बी खिडकीपाशी टाय लावून बसला होता. उजवा हात मांडीवर निपचित होता. ग्लेनिसला पाहून त्याचा अर्धा चेहरा खुलला.

"कसा आहेस, आल्बी?"

"हो," आल्बी म्हणाला.

ग्लेनिसने खिडकीबाहेर पाहिलं. आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ होतं. "बाहेर पाऊस पडतोय का रे?"

"हो." आणि लगेच त्याने मान जोरात हलवली, नाही नाही अशी. आपल्याच तोंडावर चिडल्यासारखी.

"मी घोड्यावर बसून आले का?"

"हो!" या वेळी तो खो खो हसला.

ग्लेनिसने नोरेलकडे पाहिलं.

"अगं, तेवढा एकच शब्द उरलाय त्याच्याकडे," नोरेल म्हणाली. "सगळ्यालाच हो. इस्पितळातून आणला तेव्हापासून. मर्व्हला ठाऊक आहे की."

"मर्व्हला ठाऊक नाही. त्याने विचारलं, अध्यक्ष राहणार ना? हा हो म्हणाला, आणि आम्ही चार महिने ते धरून बसलोय."

नोरेलने आल्बीचा टाय सरळ केला. "आणि मी समजत होते, तुम्ही मायेपोटी त्याचं नाव ठेवलंय. म्हणून मी बोलले नाही. म्हटलं, त्यांचा चांगुलपणा आपण का मोडावा?"

आल्बी या दोघींकडे आळीपाळीने बघत होता. ग्लेनिसने फळी त्याच्यासमोर टेबलावर आडवी ठेवली, शेजारी आजची विषयपत्रिका. प्रश्न विचारायचाच नाही असं तिने ठरवलं. नोरेलने त्याला बिल्ला लावला. त्याचं बोट लगेच चौथ्या मुद्द्यावर गेलं. टकटक. मग त्याने डाव्या हाताने छातीवरचा बिल्ला खुडायला सुरुवात केली. पिन निघेना. नोरेल मदतीला वाकली, ग्लेनिसने तिच्या दंडाला धरलं. बराच वेळ गेला. अखेर बिल्ला निघाला. त्याने तो खालच्या ओळीतल्या एका रिकाम्या हुकावर लावला. मग त्याची बोटं इतर बिल्ल्यांवरून फिरली, एक त्याने उचलला, आणि पहिल्या हुकावर टांगला.

ग्लेनिस हॉकिंग.

एका वेळेवर भरवसा ठेवायची ग्लेनिसला सवय नव्हती. कदाचित तो बिल्ला हाताला जवळ असेल. तिने सगळे बिल्ले काढले, पत्त्यांसारखे पिसले, वेगळ्याच जागी लावले, आल्बीचा परत वर. आल्बीने सुस्कारा टाकला, वर्गात तेच गणित पुन्हा घातल्यासारखा, आणि शोधत शोधत पुन्हा तिचाच बिल्ला पहिल्या हुकावर नेला.

तिसऱ्या वेळी तिने पिसताना आपला बिल्ला हळूच स्वेटरच्या खिशात टाकला. आल्बीने वरची ओळ पाहिली, मधली पाहिली, खालची पाहिली. मर्व्हच्या बिल्ल्यापाशी थांबला आणि तोंड वाकडं करून पुढे गेला. मग मान वर केली. तिच्या खिशाकडे पाहत त्याने डावा तळहात पुढे धरला.

"हो," तो म्हणाला.

नोरेल ॲप्रनने डोळे पुसत होती. "मेला दाराकडे बघायचा तो हे सांगायला. आणि मी ताट वाढत होते."

ग्लेनिसने आल्बीचा बिल्ला त्याच्या छातीला परत लावला. आजची साडेसहाची बैठक त्याची होती. फळी टॉवेलात गुंडाळून ती निघाली तेव्हा सव्वासहा वाजले होते.

सभागृहात लूपे दारातच उभी होती. "फळी कुठे नेलीस? माणसं बिनबिल्ल्याची हिंडतायत. मर्व्ह म्हणतोय, चोर फळीच घेऊन गेला."

"मीच ती," ग्लेनिस म्हणाली आणि फळी खिळ्यांवर टांगली.

कोकराचं मांस वाढून झालं. पहिले तीन मुद्दे संपले: ख्रिसमस केकची मागणी, शाळेच्या कुंपणाचं रंगकाम, दर शनिवारचं सॉसेज भाजण्याचं वेळापत्रक. थियोची शुक्रवारची फेरी कोण करणार हेही ठरलं, निदान या आठवड्यापुरतं. मर्व्हने कागद चष्म्याजवळ धरला.

"मुद्दा चौथा. अध्यक्षपद. पुढच्या आठव..."

"नको," ग्लेनिस म्हणाली.

मर्व्हने डावा कान पुढे केला. "काय म्हणालीस?"

ग्लेनिस उभी राहिली. खुर्ची मागे सरकल्याचा आवाज तिला अवाजवी मोठा वाटला. जीभ टाळूला चिकटू पाहत होती. भिंतीवरच्या घड्याळात सात वाजत आले होते. पलीकडच्या रस्त्यावर, चार घरं सोडून, एक चमचा कपावर वाजून गेला असणार आणि एक बोट आत्ता याच ओळीवर असणार, हे तिला दिसत होतं.

"आल्बीजवळ फक्त 'हो' एवढाच शब्द आहे, मर्व्ह. मी त्याला घोड्यावरून आले का विचारलं, तरी हो म्हणाला. तुझ्या प्रश्नाला त्याला दुसरं उत्तरच देता येत नव्हतं. आज त्याने शब्दांशिवाय सांगितलंय. त्याला मोकळं व्हायचंय."

"मग कोण?" लूपेने हळूच विचारलं.

"तेही त्याने सांगितलं. तीनदा." ग्लेनिसने हातातलं पेन टेबलावर ठेवलं. "पण त्याने सांगितलं म्हणून नाही. मी एप्रिलमध्येच म्हणायला हवं होतं, ते आज म्हणते. एक जुलैपासून या क्लबाची अध्यक्ष मी होते."