चपलांच्या कपाटातली लहर

मागच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. चारही मजल्यांवरची माणसं कॉटवर चढून, एकमेकांच्या खांद्यांवरून डोकावत होती. लहरीमहाराजांनी तांब्याची कांडी भिंतीतल्या, कधीच न वापरलेल्या इंटरनेटच्या सॉकेटला टेकवली, डोळे मिटले आणि पुटपुटले, "ये माय, ये. भिंत फोडून ये." त्यांनीच सॉकेटला जोडायला लावलेल्या कॉम्प्युटरवर महिनाभर रुसलेलं इंटरनेट धावू लागलं. कुणीतरी हुंदका दिला. इंटरनेटसाठी रडणारं माणूस बाईंनी पहिल्यांदाच पाहिलं.

बाई म्हणजे या घरच्या सूनबाई. गणित शिकवायच्या, तेही घरात बसून कॉम्प्युटरवर. राउटर दाराशी, चपलांच्या कपाटात. त्याचं वायफाय हॉलमध्ये ठणठणीत, पण दोन जाड भिंतींपलीकडच्या मागच्या खोलीत पोचेपर्यंत गतप्राण. हॉलमध्ये सासूबाईंच्या मालिका आणि नवऱ्याचे फोन. दार लावून शिकवता येईल अशी खोली हीच एक. शाळेने बजावलं होतं, येत्या सोमवारपासून वर्ग अडखळला तर दुसरी बाई बघू.

महाराज आले की नेट यायचं, गेले की जायचं. आजची ही तिसरी खेप.

"लहर येते, पण टिकत नाही," महाराज म्हणाले. "या खोलीत शंका बसलीय." शंका कुठे बसलीय हे विचारायची गरज नव्हती, कारण सगळे बाईंकडेच बघत होते. "रविवारी शेवटचा उपाय. खोलीला कुलूप घाला, सूनबाईंनी शिकवणी सोडावी. मग लहर घरभर नांदेल."

"सोडेल ती," सासूबाईंनी परस्पर सांगून टाकलं. नवऱ्याने फोन कानाला लावला. बाईंच्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

महाराज गेले आणि पाठोपाठ नेटही गेलं. सासूबाईंचं कौतुक मात्र ओसरेना. "किती साधा माणूस. चपलासुद्धा स्वतःच्या हाताने कपाटात ठेवतात. कुणाला जवळ येऊ देत नाहीत."

बाई थबकल्या. उत्तर बदललं की आधी गणितातला कोणता आकडा बदलला ते बघायचं, ही त्यांची सवय. चपला आत गेल्या की नेट येतं. बाहेर आल्या की जातं.

रविवारी पुन्हा सगळी इमारत जमली. महाराज दारात आले तेव्हा बाई कपाटाला खुर्ची लावून बसल्या होत्या.

"महाराज, आज चपला बाहेरच काढा."

"आत ठेवाव्या लागतात, मुली. नियम आहे."

"लहर भिंत फोडून येते ना? मग चपलांशी का अडते?"

"सूनबाई, ऊठ तिथून," सासूबाई कडाडल्या.

"नाही उठणार, आई. माझी खोली जाणार, माझं काम जाणार. कशापायी जाणार ते मला बघायचंय."

महाराजांनी चपला दाराबाहेर काढल्या आणि आत गेले. अर्धा तास कांडी सॉकेटवर घासली. घाम आला, नेट आलं नाही.

"शंका फार प्रबळ आहे," ते म्हणाले.

"शंका मागच्या तिन्ही वेळेला इथेच होती, महाराज. तेव्हा कशी चालली?"

आता मात्र कुणी हसू दाबलं नाही. बाई उठल्या, कपाट उघडलं, वरच्या कप्प्यातले जुने बूट खाली टाकले. मागे भिंतीत एक पांढरी पेटी होती. इमारत बांधताना प्रत्येक घरात बसवलेली, आणि प्रत्येक घराने चपलांआड घालून विसरलेली. आत चार सॉकेटं, वर पेनाने लिहिलेली खोल्यांची नावं. पेटीमागे वीतभर वायर खोचून ठेवली होती.

"आई, एक टोक या राउटरमध्ये घाला. दुसरं, 'मागची खोली' लिहिलंय तिथे."

सासूबाईंनी दोन्ही टोकं खोचली. टक् असा आवाज झाला, हिरवा दिवा लुकलुकला. आतून कुणीतरी ओरडलं, "आलं." सासूबाईंनी वायर काढली. "गेलं." पुन्हा लावली. "आलं." पुन्हा काढली, आणि या वेळी त्यांची नजर महाराजांवर होती.

जिन्यातून वॉचमन म्हणाला, "मघापासून बघतोय. या इमारतीच्या वायरी ओढायला हाच होता."

महाराज चपला हातात घेऊनच जिना उतरले.

"तरी त्यांच्या हातात काहीतरी होतंच," शेजारीण हळहळली.

"होतं ना. वीतभर वायर," बाई म्हणाल्या. "भिंतीतल्या तारा पहिल्यापासून तुमच्याच घरात आहेत. नुसती पेटी राउटरला जोडायची होती. हात जोडायचेच असतील तर जोडा, पण आधी कपाट उघडून बघा. आणि ज्या बाबाला तुमच्या शंकेची भीती वाटते, त्याला दारातच उभा करा."

सासूबाईंनी वायर लावली आणि बूट खालच्या कप्प्यात ठेवले.

सोमवारी सकाळी नऊला बाईंनी मागच्या खोलीचं दार आतून लावलं. पडद्यावर तीस चेहरे होते, एकही अडखळत नव्हता.

"पहिला प्रश्न," बाई म्हणाल्या. "उत्तर बदललं, तर आधी काय शोधायचं?"