डावा गाल

वडिलांनी लेकीच्या डाव्या हातातून वस्तरा काढून घेतला आणि उजव्या हातात ठेवला. मग चामड्याच्या पट्ट्यावर आपला वस्तरा परजत म्हणाले, "या दुकानात वस्तरा उजव्या हातात धरतात."

दुकान दोन खुर्च्यांचं. एका खुर्चीवर वडील, दुसरीवर थोरला भाऊ. पण भावाला ट्रक चालवायचं वेड लागलं, तो परगावी गेला आणि त्याची खुर्ची रिकामी पडली. वडिलांची पाठ वाकून वाकून कामातून गेली होती. कमरेला पट्टा बांधून ते उभे राहायचे. लेक म्हणाली, "मी शिकते." वडिलांनी तिला डोक्यापासून पायापर्यंत असं पाहिलं, जणू ती काल कुणी दारात आणून ठेवली होती. पण नाही म्हणाले नाहीत. मुलीच्या जातीने वस्तरा धरावा की नाही, याची त्यांना फिकीर नव्हती. फिकीर होती ती हाताची.

कारण ती डावरी. घरात तिला सगळे डावरीच म्हणायचे. लहानपणी पाटीवर ती डाव्या हाताने रेघोट्या ओढायला लागली, तशी वडिलांनी तिचा तो हात रुमालाने फ्रॉकच्या पट्ट्याला बांधून टाकला. अभ्यासाला बसली की रुमाल, जेवायला बसली की रुमाल. तिने रडून घर डोक्यावर घेतलं, पण रुमाल काही सुटला नाही. शेवटी उजवा हात लिहायला शिकला, जेवायला शिकला. सुईत दोरा ओवायचा झाला, डास मारायचा झाला किंवा कुणी फेकलेलं झेलायचं झालं, की मात्र पुढे व्हायचा तो डावाच.

शिकवताना वडिलांनी काही हातचं राखलं नाही. फुगा फुगवून त्यावर साबणाचा फेस लावायचा आणि तो वस्तऱ्याने उतरवायचा. पहिले काही फुगे फुटले, फेस आरशावर, भिंतीवर, वडिलांच्या चष्म्यावर. आई डबा घेऊन आली होती, ती दारातच हसत उभी राहिली. "दाढी कुणाची चाललीय, दुकानाची?"

"दाढी दोन हातांची असते," वडील समजावायचे. "एका हाताने कातडी ताणायची, दुसऱ्याने वस्तरा चालवायचा. ताणणारा हात ढिला पडला की वस्तरा रुतलाच म्हणून समज."

"मग डाव्या गालाला हात बदलला तर? उजव्याने ताणायचं, डाव्याने चालवायचं. गिऱ्हाइकावर ओणवं व्हायला नको."

"ही सर्कस आहे का? चाळीस वर्षं मी याच हाताने करतोय."

"आणि चाळीस वर्षं वाकताय," ती म्हणाली.

पहिलं गिऱ्हाईक म्हणून एक टॅक्सीवाला तयार झाला. माणूस दिलदार. "कर गं बिनधास्त, या तोंडाचं आणखी काय बिघडणार आहे?" उजवा गाल नीट झाला. डाव्याला तिने नकळत हात बदलला, तर मागून वडील खाकरले. तिने वस्तरा परत उजव्या हातात घेतला आणि टॅक्सीवाल्याच्या तोंडावरून पलीकडे हात नेला. तिचं कोपर त्याच्या नाकावर आलं.

"अगं, श्वास तरी घेऊ दे," तो फेसातून पुटपुटला, आणि त्या बोलण्याने जबडा हलला. कानाखाली लाल रेघ उमटली.

वडील धावत आले. तुरटी लावली, माफी मागितली, उरलेला गाल स्वतः वाकून पुरा केला. "नवीन आहे पोर, हात बसायचा आहे अजून," असं चारचारदा म्हणाले. टॅक्सीवाला हसून गेला. डावरीच्या मात्र तळपायाची आग मस्तकात गेली होती.

"हात बसायचा नाहीये," दुकान रिकामं झाल्यावर ती म्हणाली. "हात बसलेलाच आहे. तुम्ही तो चालू देत नाही."

"गिऱ्हाईक मान पुढे करतं, कळतं का? त्याला डावा हात दिसला की ते बिचकतं. उठून समोरच्या दुकानात जातं."

"जाऊ दे."

"जाऊ दे? तुझ्या बापाने दुकान उभं करायला हाडं झिजवलीत!"

"म्हणूनच म्हणते. बाबा, दादात आणि माझ्यात तुम्ही कधी उजवं-डावं केलं नाहीत. माझ्या हातांत मात्र केलंत. उद्यापासून मी दोन्ही हातांनी दाढी करणार. नाहीतर वस्तऱ्याला शिवणार नाही."

"मग नको शिवूस," वडील म्हणाले.

तिने खरंच शिवला नाही. रोज दुकानात यायची, केस झाडायची, टॉवेल धुवायची, आरसे पुसायची. बाकावर गिऱ्हाइकं ताटकळत बसायची, दुसरी खुर्ची रिकामी, आणि ही झाडू घेऊन शेजारी उभी. "ही नाही का करत?" कुणी विचारलं की वडील म्हणायचे, "नाही." आणि ती म्हणायची, "करते, पण यांना चालत नाही."

"दोघंही तसलीच," आई म्हणाली. "एकाला झाकावं अन् दुसऱ्याला काढावं."

शेवटी वडिलांच्या पाठीनेच संप केला. एका सकाळी त्यांना उठवेना. काही दिवस ते फळीवर उताणे पडून राहिले. दुकान बंद. दाढीचे पांढरे खुंट वाढत गेले. न्हाव्याने दाढी वाढवून दुकान उघडायचं म्हणजे डॉक्टरने खोकत दवाखान्यात बसण्यासारखं. थोडं उभं राहता येऊ लागलं तेव्हा ते काठी टेकत दुकानात आले, तिने शटर उघडलं, आणि ते रिकाम्या खुर्चीत बसले. आजवर त्यांच्या चेहऱ्याला दुसऱ्या कुणाचा वस्तरा लागला नव्हता.

"ये," ते म्हणाले. "लाव फेस."

"कुठल्या हाताने करू?"

"उजव्या."

तिने ब्रश खाली ठेवला. "मग बसा तसेच."

रस्त्यावरून सायकली गेल्या. समोरच्या दुकानाचा रेडिओ लागला. वडिलांनी आरशात स्वतःकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"कापलंस तर बघ."

"कापलं तर तुरटी आहे."

"कर मेले, कर काय करायचं ते."

तिने फेस लावला, वस्तरा परजला. उजवा गाल उजव्या हाताने. मग जागेवरूनच हात बदलला. उजव्या हाताच्या बोटांनी कानाजवळची सुरकुतलेली कातडी वर ताणली आणि डाव्या हाताने वस्तरा खाली आणला. बारीक, सलग आवाज आला. वडिलांनी डोळे मिटले नाहीत. खुर्चीच्या हातावर त्यांची बोटं पांढरी पडली होती. वस्तरा गळ्यापाशी आला, तरी तिचा हात अडकला नाही.

टॉवेलने तोंड पुसून वडिलांनी दोन्ही गालांवर पंजा फिरवला. एकदा, परत एकदा. डाव्यावर जरा जास्तच वेळ.

"उजवीकडे खरखर राहिलीय," ते म्हणाले.

"तो तुम्ही बांधून शिकवलेला हात, बाबा."

वडिलांनी नजर खाली घेतली. उजवा गाल तिच्याकडे वळवून म्हणाले, "मग तिकडेही डाव्यानेच कर."

"नाही," ती म्हणाली. "उजवाही माझाच आहे. त्यालाही नीट यायला हवं." आणि तिने उजव्या गालाला पुन्हा फेस लावला.

त्याच दिवशी चपलांचा दुकानदार आला, वर्षानुवर्षांचं गिऱ्हाईक. तिच्या खुर्चीत बसला, मान मागे टाकली, पण तिने हात बदलताच ताठ झाला. "ए, डाव्या हाताने नको हं. तुम्ही करा हो."

"माझी पाठ धरलीय," बाकावरून वडील म्हणाले. "करायची तर ती करेल, तिच्या पद्धतीने."

दुकानदाराने टॉवेल झटकला आणि अर्ध्या दाढीनिशी, एका गालावर फेस घेऊन, तो रस्ता ओलांडून समोर गेला. वडील काचेतून त्याच्याकडे बघत राहिले. जुनं गिऱ्हाईक गेल्याचं त्यांना लागलं होतं, ते चेहऱ्यावर दिसत होतं. डावरीने वस्तरा पुसला.

"गेला," ते म्हणाले.

"गेला," ती म्हणाली आणि बाकावरच्या बाकी गिऱ्हाइकांकडे वळली. "कोण येतंय पुढे?"