चंद्राच्या डोक्यावरची परडी

"अर्नाळ्याला दर्याला नारळ द्यायचा, हळदकुंकू वाहायचं, न मग बिनघोर पाण्याच्या कडंनं चालायचं. ओल्या रेतीत पाय टाकायचा. कोरडी रेती टाचा खाते. न मी नसले तर जी परडी घेईल तिला हे सांग. तुलाच सांगायचं हाय, राही."

आक्का जाऊन चार महिने झाले, तरी त्यांचा हा आवाज राहीबाईच्या कानातून हलत नव्हता. सकाळी तुळशीला पाणी घालताना यायचा, संध्याकाळी दिवा लावताना यायचा. सासूचा शब्द राहीबाईनं उभ्या जन्मात मोडला नव्हता. मंगळवार, शुक्रवार, चतुर्थी, चातुर्मासात एक वेळचं जेवण. दिवेलागण झाल्याशिवाय ती घोटभर पाणी घ्यायची नाही. कामतघरच्या आळीत म्हणायचे, राहीबाईचा आवाज मोठा झालेला कुणी ऐकलाय का? कुणी ऐकला नव्हता.

पण बहात्तर सालच्या त्या चैत्रात तिच्या पोटात जे पेटलं होतं ते कुणाला दिसत नव्हतं एवढंच.

दर चैत्रात आळीतली दहा-बारा माणसं डहाणूच्या महालक्ष्मीला अनवाणी चालत जायची. सडकेनं नाही, दर्याच्या कडेनं. वसईवरून अर्नाळा, तिथून होडीनं पलीकडे दातिवरे, मग एडवण, केळवे, माहीम, सातपाटी करत वर. पुढे केसरीनाथ भगत निशाणाची काठी घेऊन, आणि त्याच्या मागे आक्का, डोक्यावर देवीच्या ओटीची परडी घेऊन. वेताच्या त्या पसरट परडीत हिरवं लुगडं, खण, नारळ, बांगड्या, तांदूळ. परडी वाटेत भुईला टेकवायची नाही. आक्का जेवायला बसल्या की ती राहीबाईच्या मांडीवर यायची, आक्का उठल्या की पुन्हा त्यांच्या डोक्यावर. देवीच्या दाराशी पुजारी विचारायचा, "ओटी कोणाची?" आणि आक्का खणखणीत आवाजात आपलं नाव सांगायच्या. शेजारी उभी राहून राहीबाई ओठांतल्या ओठांत स्वतःचं नाव म्हणून बघायची. इतकी वर्षं मांडीवर घेतलेली परडी एक दिवस डोक्यावर येणार, आणि त्या दाराशी आपण आपलं नाव सांगणार, यात तिला कधी शंका वाटली नव्हती.

आक्कांनी जाताना परडी दिली राहीबाईच्या धाकट्या जावेला. चंद्राला!

चंद्रा काल्हेरची. हसरी, धांदरट, उन्हं अंगणात आल्यावर उठणारी. मंगळवारी सुकट भाजायची आणि वास आला की जीभ चावून म्हणायची, "अगो बाय, आज मंगळवार व्हय?" लूमच्या शेडमध्ये सुताच्या कांड्या भरायला जायची, तिथल्या बायांत बसून मोठ्यानं हसायची. गेल्या पावसाळ्यात तिच्या गोदूला देवी आल्या. पोर लालबुंद, डोळे मिटलेली. राहीबाईनं त्या दिवसापासून मीठ सोडलं. कडुलिंबाचा पाला अंथरला, रोज ओल्या लुगड्यानं देव्हाऱ्याला फेऱ्या घातल्या. आणि चंद्रानं काय केलं? एका तिन्हीसांजेला उंबऱ्यात उभी राहून एवढंच म्हणाली, "आई, माझी पोर राख. चालत येऊन तुझी ओटी भरीन."

पोर वाचली. सारी आळी म्हणाली, चंद्राचा नवस पावला. राहीबाईच्या मिठाचं कुणी नाव काढलं नाही.

म्हणून मग आक्का म्हणाल्या होत्या, "यंदा परडी चंद्राच्या डोक्यावर. तिचं बोलणं हाय ते फिटू दे. राही, तू तिला वाट दाव."

वाट दाव! म्हणजे पुन्हा मांडी.

निघायच्या सकाळी कामतघरचे लूम खडखडत होते. रात्रपाळी सुटलेले आजमगडकडचे चार-सहा कारागीर शेडच्या दाराशी उभे होते. चंद्राच्या डोक्यावर परडी बघून एकजण हात जोडून म्हणाला, "चाची, हमरे बच्चों के लिए भी माँगना."

"माँगूंगी, माँगूंगी! तेरा नाम क्या लेऊँ?" चंद्रा हसत म्हणाली.

राहीबाई मागून खाली मान घालून गेली. इतकी वर्षं ती याच दारावरून या वाटेनं गेली होती. तिला कुणी काही मागायला सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी अर्नाळ्याला दर्याला नारळ दिला आणि होडीनं वैतरणेचं तोंड ओलांडून सगळे दातिवऱ्याला उतरले. ओहोटी लागलेली. पाणी मागे सरलेलं, रेती आरशासारखी चकचकीत. म्हातारी ठकुबाई लुगडं खोचून पुढे सुटली. "केसरीनाथा, जरा हळू! देवी काय डहाणू सोडून पळते व्हय?"

चंद्रा मात्र वर, सुरूच्या झाडांपाशी थांबली होती. परडी सावरत तिनं राहीबाईला हळूच विचारलं, "राहीबाय, परडी घेऊन खाऱ्या पाण्यात पाय चालतो का हो? आमच्या काल्हेरला देवाचं काही डोक्यावर असलं तर खाडीच्या पाण्याला पाय लावत न्हाईत."

राहीबाई थांबली. उत्तर जिभेवर तयार होतं. आक्कांच्याच शब्दांत तयार होतं. वाऱ्यानं परडीतल्या लुगड्याचा हिरवा काठ उडत होता आणि चंद्राच्या कपाळावरून तो कसा झुलत होता ते तिला दिसलं. शोभत होतं तिला.

"का गो," राहीबाई आपल्या नेहमीच्या मऊ आवाजात म्हणाली, "आक्कांनी तुला सांगितलं न्हाय?"

चंद्राचा चेहरा एकदम उतरला. "सांगितलं असंल. मीच मेली विसरभोळी. राहू दे, मी आपली वरनंच चालते. उगाच बाट नको."

राहीबाई खाली ओल्या रेतीत उतरली. खोटं ती बोलली नव्हती. खोटं न बोलण्याचंही तिचं व्रत होतं.

चैत्रातलं ऊन. नऊ वाजले नाहीत तोच वरची रेती भाडभुंज्याच्या कढईसारखी तापली. खाली बाया गार पाण्याच्या कडेनं गाणी म्हणत चालल्या होत्या आणि वर चंद्रा एकटी, पाय उचलून उचलून टाकत. घोट्यापर्यंत रुतायची, पुन्हा निघायची. राहीबाईला वाटलं, आता म्हणेल दमले. आता परडी माझ्याकडे देईल. चंद्रा परडी सावरून पुढचं पाऊल टाकायची.

आणि झालं भलतंच. ठकुबाईनं वर बोट दाखवून बायांना सांगितलं, "बघा गो, बघा! नवसाची बाई कशी चालते. आमी पाण्यातनं चालतो न ही इस्तवावरनं. आक्कांनी पन असं केलं नव्हतं कधी."

एडवणला पोचेतो ही गोष्ट गावात आधीच पोचली होती. मासेमार मांगेलांच्या बाया ओले हात पुसत घराबाहेर आल्या, चंद्राच्या पायांवर तांब्या-तांब्यानं पाणी ओतून पाया पडल्या. एकीनं तान्हं पोर आणून तिच्या पायांशी ठेवलं. चंद्रा कावरीबावरी होऊन, एका हातानं परडी धरून, दुसऱ्या हातानं त्या बाईला उठवू लागली, "अगो बाय, माझ्या न्हाय, देवीच्या पाया पड!" तर त्यावरही लोक म्हणाले, केवढी नम्र!

राहीबाई बाजूला उभी होती. आपणच सरपण घालावं आणि दुसरीचा भात शिजावा, तसं झालं होतं. एक शब्द गिळला, त्याचंही पुण्य हिच्याच पदरात! देवी, तुला डोळे आहेत की नाहीत? हे मनात आलं आणि तिनं चटकन जीभ चावली. पण आलं ते आलंच.

तिनं तेव्हाच सांगायला हवं होतं. एडवण सोडताना सांगता आलं असतं, दांड्याच्या खाडीपाशी सांगता आलं असतं. प्रत्येक वेळी ती चंद्राकडे बघायची आणि मनाशी म्हणायची, पुढच्या झाडाशी सांगू. पुढचं झाड यायचं आणि जायचं.

केळव्याला शितळादेवीच्या देवळाशी पोचले तेव्हा सूर्य कलला होता. कुंडाच्या पायरीवर चंद्रा बसली आणि राहीबाईनं तिच्या डोक्यावरची परडी घेऊन आपल्या मांडीवर घेतली. ठकुबाई पाय धुवायला वाकली आणि तशीच राहिली.

"अरे देवा!"

तळपायांची कातडी सोलून निघाली होती. टाचांत भेगा, भेगांत रेती, आणि रेतीवर रक्त.

"सटवे, हे काय करून घेतलंस?" ठकुबाई ओरडली. "दर्याला मान दिल्यावर पाण्यातनं चालायचं असतं. आक्का काय उडत जायची? तुला कुणी सांगितलं न्हाय?"

 परडीच्या कडेवर राहीबाईची बोटं घट्ट झाली. बाया जमल्या होत्या, केसरीनाथ काठी टेकवून उभा होता. चंद्रानं वर बघितलं. राहीबाईकडे बघितलं, क्षणभरच.

"माझंच बोलणं तसं व्हतं, ठकुमावशी," ती म्हणाली. "नवस बोलताना म्हटलं व्हतं, तापल्या वाटेनं येईन. कुणाचा दोष न्हाय."

"धन्य बाई तुझी!" ठकुबाईनं कपाळाला हात लावला आणि हळद-तेल आणायला उठली. बाया चुली मांडायला गेल्या.

दोघी जावा पायरीवर राहिल्या. कुंडात कुणाची तरी घागर बुडून बुडबुडत होती.

"तुमाला ठावं व्हतं ना?" चंद्रानं विचारलं. आवाजात राग नव्हता, हेच राहीबाईला जास्त लागलं.

"व्हतं."

"मला एडवणच्या आधीच कळलं. न्याहारीला परडी तुमी मांडीवर घेतलीत तवा तुमचे पाय बघितले. ओले व्हते. म्हटलं, राहीबाय खाऱ्या पायांनी परडी घेतात म्हणजे चालत असनार. त्यांच्याकडून कधी काही चुकत न्हाय."

"मग उतरली का न्हाईस खाली?"

चंद्रानं टाचेच्या भेगेतली रेती बोटानं काढली. मग म्हणाली, "तुमी बोलवाल म्हणून वाट बघत व्हते."

राहीबाईनं तोंड फिरवलं. आजवर तिनं डोळ्यांत पाणी आणून देवीकडे पुष्कळ मागितलं होतं; आता आलेलं पाणी मागण्याचं नव्हतं. ते तिला पुसताही येईना, कारण दोन्ही हात परडीला होते.

"तुझा राग आला मला," ती शेवटी म्हणाली. "लई दिवसांपासून. मी मीठ सोडलं व्हतं गोदूसाठी."

"ठावं हाय मला."

"तुला ठावं व्हतं?"

"घरात मी रांधते ना तुमच्यासंगं! अळणी आमटी कोण वाढत व्हतं तुमाला?" चंद्रा हसायला गेली आणि पाय हलल्यानं कळवळली. "आक्कांना मीच म्हटलं व्हतं, राहीबायच्या डोक्यावर द्या. ऐकल्या न्हाईत. म्हणाल्या, बोललेलं ज्याचं त्यानं फेडायचं."

संध्याकाळचा वारा सुटला. केसरीनाथ येऊन म्हणाला, चंद्राला उद्या बैलगाडीनं पालघरच्या ठेसनावर न्यायला हवं, पाय पिकले तर घोटाळा होईल. परडीचं काय?

"परडी राहीबाय नेतील," चंद्रानं सांगून टाकलं. कुणी भाकरीचा तुकडा मोडून द्यावा इतक्या सहज.

केसरीनाथ मान हलवून गेला. राहीबाईला हवं होतं ते सगळं तिच्या मांडीवर होतं. आणि तिला काय वाटावं? आनंद नाही. तिला वाटलं, हिला हे असं देता कसं येतं? मला उभ्या जन्मात येणार नाही. परडी मिळाली तरी हेवा काही जाईना; नुसती जागा बदलून बसला.

"एकच करा," चंद्रा म्हणाली. "पुजारी विचारील तवा माझं नाव घ्या. माझं बोलणं हाय देवीशी. तुमचं नाव घेतलंत तर लोकांना चालंल, पण माझं फिटनार न्हाय."

 हे नाव सोडून बाकी काहीही मागितलं असतं तरी चाललं असतं. उपास मागितले असते, मीठ मागितलं असतं. जे स्वतःचं नाव राहीबाई इतकी वर्षं त्या दाराशी ओठांत धरून होती, तेवढंच ही सोडायला सांगत होती. आणि हिच्या पायांकडे बघून नाही म्हणायला तोंडही उरलं नव्हतं.

"घेईन," ती म्हणाली.

"नक्की?"

"तुझंच घेईन. तुझं एकटीचं."

पहाटे बाया उठायच्या आधी राहीबाईनं अंघोळ केली, ओलं लुगडं नेसली. चंद्रा देवळाच्या ओट्यावर गोधडीत झोपली होती; पायांना हळद-तेलाची फडकी बांधलेली, तोंड किंचित उघडं. झोपेतही हसल्यासारखी. राहीबाईला ती त्या घटकेलाही सोन्यासारखी वाटली नाही, खोटं कशाला सांगा. पण तिनं सरकलेली गोधडी तिच्या पायांवरून अलगद ओढली, फडक्याला लागणार नाही अशी.

मग रात्रभर आढ्याला टांगलेली परडी तिनं उतरवली आणि डोक्यावर घेतली. वाटलं होतं त्यापेक्षा ती जड होती. केसरीनाथानं काठी उचलली. पानमळ्यांच्या कुंपणांमधून वाट माहीमकडे जात होती. कुठल्याशा वाडीत रहाट कुरकुरत होता.

"चंद्रा," राहीबाई ओठांतल्या ओठांत म्हणाली. जीभ अडखळली. पुन्हा म्हणून बघितलं, आणि तसंच म्हणत ती चालू लागली.