संध्याकाळचं पाणी

मित्रांनो, मागच्या भिंतीवर वेटोळं करून टांगलेला हिरवा रबरी पाइप दिसतो ना, तो मीच. हिरवा म्हणायचं ते आपलं सवयीने. उन्हाने माझा रंग केव्हाच उडाला आहे. लुइझियानातल्या या घरी युलिस गिड्रीने आणि त्याच्या बायकोने, ओडीलबाईंनी, मला आणलं. बाईंचे टोमॅटो, भेंडी, जास्वंदी आणि पुढची हिरवळ, सगळ्यांची तहान मी भागवली. लोक म्हणत, "गिड्रींचं अंगण म्हणजे गालिचा!" मग माझी छाती फुगे, आणि पाइपाची छाती फुगणं काही बरं नव्हे.

मागच्या हिवाळ्यात ओडीलबाई गेल्या. त्यांच्या नातीने, सेलीने, ठरवलं की जूनमधलं आपलं लग्न आजीच्या हिरवळीवरच करायचं. म्हाताऱ्या युलिसला हुरूप आला. शिवाय संध्याकाळी रिकामं घर त्याला खायला उठे. म्हणून रोज दिवेलागणीला तो मला हातात घेऊन उभा राही, तो पार अंधार पडेपर्यंत. मला वाटे, आपल्याइतकं कामाचं कोणी नाही.

मे सरता सरता हिरवळीवर तपकिरी गोल चट्टे उठले. त्याने पाणी वाढवलं, तसे चट्टेही वाढले. लग्न तर तोंडावर आलेलं.

शेवटी शेजारची अर्लिन कुंपणापाशी आली.

"अरे युलिस, गवत आहे ते, बदक नव्हे! बुरशी लागलीय त्याला."

"एवढं जिवापाड करतोय मी, अर्लिन!"

"तेच तर! इथली हवा आधीच घामेजलेली, त्यात तू त्याला रोज ओले मोजे घालून झोपवतोस. पाणी सकाळी घालायचं, तेही माती सुकली असेल तर. अति तिथे माती, बाबा."

"मग संध्याकाळी मी करू तरी काय?" त्याचा आवाज चिरकला.

अर्लिनने कुंपणावर कोपर टेकले. "माझ्या ओसरीवर ये. शेंगा सोलायला कोणीतरी हवंच आहे मला."

मला खुंटीवर टांगलं गेलं. खरं सांगतो, फार वाईट वाटलं. आता तो सकाळी मातीत बोट खुपसून बघे आणि कोरडी लागली तरच मला हात लावी. पण रात्री गवत कोरडं राहू लागलं, आणि कडेचे धुमारे हळूहळू चट्ट्यांत सरकले.

लग्नाच्या दिवशी एक-दोन चट्टे उरलेच होते. सेली नेमकी त्यांवरच अनवाणी नाचली, आजोबांना ओढून घेऊन. म्हातारा इतका हसला की त्याला धाप लागली.

पाहुणे पांगले, ऊन उतरलं. सवयीने त्याचा हात माझ्या नळाकडे आला. मग थांबला.

"आज नको रे, गड्या. अर्लिनने कॉफी ठेवलीय."

तो गेला आणि मी कोरडाच, पण मजेत लटकत राहिलो. मित्रांनो, झाडांना जरूर जपा, पण त्यांना काय हवं ते बघून. आणि कोणी एकटं माणूस तिन्हीसांजेला भिजल्या गवतालाच पाणी घालत उभं दिसलं, तर त्याला कुंपणावरून हाक मारा.