टाकीला हात लावू नका

बर्फाच्या कारखान्याची जुनी पिकअप दोघा हमालांनी ढकलत गॅरेजच्या दारात आणली. पंपवालीने ती लांबूनच ओळखली. डाव्या दाराचा पोचा तिच्या नवऱ्यानेच पाडलेला होता. अकरा वर्षांपूर्वी ही गाडी तोच चालवायचा.

गाडीमागून तिचा धाकटा दीर आला. तीन मिस्त्री करून झाले होते आणि आता बापानेच त्याला इकडे पिटाळलं होतं. डिझेल पंपांच्या कामात अख्ख्या बाजारात हिचा हात धरणारं कोणी नव्हतं. पंपवाली हे नावही तिला बाजारानेच दिलेलं.

"वहिनी, चढावर बंद पडते," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "इंजिनाजवळचा डिझेलचा हातपंप मारला की चालू होते, पुढच्या चढावर परत तेच. फिल्टर बदलला, पंप बदलला. रोज अर्धा बर्फ रस्त्यातच वितळतो."

"टाकी उतरवून बघितली?"

"टाकीला हात लावू नका," तो पटकन म्हणाला. "टाकी चांगली आहे."

तिने मान हलवली. कुठेतरी पाणी मुरत होतं.

कारखाना सासऱ्यांचा होता. अकरा वर्षांपूर्वी गाडीचं डिझेल रोज कमी भरू लागलं आणि धाकट्याने बापाच्या कानात दादाचं नाव घातलं. एका सकाळी बर्फ न्यायला आलेल्या गिऱ्हाइकांची रांग लागलेली असताना सासऱ्यांनी मोठ्या मुलाच्या हातून किल्ली काढून घेतली. "घरातच चोर पोसला मी! बायकोला घेऊन बाहेर हो." नवरा मुळात अबोल. "मी नाही घेतलं, बाबा," एवढंच एकदा म्हणाला. दुसऱ्यांदा म्हणायचा त्याचा स्वभाव नव्हता. बाजाराने त्याचं नाव 'लिटर' ठेवलं. तेव्हापासून तो स्टिअरिंगवर बसला नाही. एका गोदामात खोकी बांधायचा आणि बाजार टाळून मागच्या गल्लीने घरी यायचा. मिस्त्र्याच्या या लेकीने मग गॅरेज काढून संसार ओढला, आणि ती सकाळ मनात जपून ठेवली. तिला गंज चढू दिला नाही.

दीर गेल्यावर तिने फिल्टर आणि पंपाच्या मधे पारदर्शक नळी जोडून इंजिन चालू केलं. डिझेलसोबत बुडबुडे येत होते. मग टाकीचा पाइप सुटा केला, डिझेलचा डबा टपाला बांधला, त्यातून वेगळा पाइप फिल्टरला दिला आणि गाडी चढावर नेली. गाडी न कुरकुरता वर गेली. म्हणजे पंप आणि फिल्टर निर्दोष होते, दुखणं टाकी आणि फिल्टरच्या मधे होतं.

ती पाठीवर झोपून गाडीखाली सरकली. पाइप चाचपत हात टाकीच्या वर, हौद्याच्या तळाशी पोचला आणि थांबला. तिथे पाइप कापून पितळी टी, तीन तोंडांचा जोड, बसवलेली होती. तिच्या तिसऱ्या तोंडाला बोटभर रबरी नळी, नळीत बोल्ट ठोकलेला. रबर तडकलं होतं. डिझेल बाहेर टपकत नव्हतं, पण चढावर इंजिन जोर लावून ओढू लागलं की त्या भेगेतून हवा आत शिरत होती. म्हणून कुणाला ओल दिसली नव्हती.

गाडीत अशा टीचं काही कामच नसतं. बोल्ट काढायचा, लांब नळी लावून तोंडाने ओढायचं, की टाकी रिकामी करता येते. आणि तसली पितळी टी तिने एकाच ठिकाणी पाहिली होती, कारखान्यात बर्फाचे डबे भरायच्या नळांना. सासऱ्यांनी त्या खास ओतून घेतल्या होत्या. त्या ठेवलेल्या कपाटाची किल्ली धाकट्याकडे असायची.

छातीत असं काही धडधडत होतं की तिला वाटलं, इंजिनच चालू राहिलंय. मग तिने टीला हात न लावता बाहेर येऊन कारखान्यात फोन केला. "मामंजी, दोष सापडला. पण दुरुस्ती उद्या सकाळी तुमच्या आवारात करीन. तुम्ही खुर्ची टाकून समोर बसा."

चोराच्या मनात चांदणं. संध्याकाळी दीर धावत आला.

"वहिनी, तुम्ही खाली गेला होतात?"

"गेले होते."

त्याने हात जोडले. "मी तेव्हा पोरसवदा होतो. वाईट संगत होती. नंतर काढणारच होतो, पण कुणी बघेल या भीतीने राहून गेलं. आता बाबांचं काळीज नाजूक झालंय. इथल्या इथे मिटवा."

"तुमच्या दादाचं काळीज काय लोखंडाचं होतं?" ती हात पुसत म्हणाली. "उद्या सातला या, भाऊजी. रांग लागलेली असते तेव्हा."

सकाळी आवारात रांग होती. सासरे खुर्चीत बसले होते. आधीच्या तिघांपैकी एक मिस्त्रीही मुद्दाम आला होता. नवऱ्याला तिने काही सांगितलं नव्हतं. नुसतं म्हणाली होती, "चला." तो फाटकापाशीच थांबला.

तिने पाना धाकट्यापुढे धरला. "शिरा खाली. टाकीच्या वर जे बसवलंय ते तुमच्या हातांनी काढा."

"मला काय माहीत कुठे..."

"मला म्हणाले होते, टाकीला हात लावू नका," मिस्त्री मधेच बोलला.

दीर गाडीखाली गेला. चाचपावंही लागलं नाही, हात थेट तिथे गेला. बाहेर आला तेव्हा तोंडावर डिझेलचे ओघळ होते. पंपवालीने टी त्याच्या हातून घेऊन सासऱ्यांच्या मांडीवर ठेवली.

"मामंजी, ही कुठली?"

म्हाताऱ्याने ती उलटसुलट केली. "आपल्याच नळाची," तो म्हणाला.

"दादानंच बसवली असेल!" दीर ओरडला.

"मग काल संध्याकाळी माझ्या दारात हात कशाला जोडलेत? वाईट संगत कुणाची होती?"

रांगेतून कुणीतरी म्हणालं, "अरे, खरा लिटर हा!" आणि लोक हसले. ते हसू तिला अकरा वर्षांनी पोटभर जेवल्यासारखं लागलं.

सासऱ्यांनी धाकट्याकडे हात पुढे केला. "किल्ल्या." तेवढंच. तो जुडगा टाकून निघून गेला.

दुपारी जाऊ रडत आली. "मामंजींनी घर सोडायला सांगितलंय. आम्ही जायचं कुठे, ताई?" तिच्याबद्दल पंपवालीला वाईट वाटलं. तिच्या नवऱ्याबद्दल रतीभरही नाही. "आम्ही गेलो होतो तिथेच," ती म्हणाली आणि पाणी दिलं.

सासऱ्यांनी जुडगा मोठ्याकडे पाठवला. त्याने परत पाठवला. "किल्ली नकोय. जे सगळ्यांसमोर बोललात, ते सगळ्यांसमोर मागे घ्या."

चार दिवस गेले. पाचव्या दिवशी सकाळी म्हातारा काठी टेकत रांगेपुढे उभा राहिला. "माझा मोठा चोर नव्हता," तो मोठ्याने म्हणाला. "मी आंधळा होतो."

नवरा रांगेच्या शेवटी उभा होता. तो बापाच्या पाया पडला नाही, रडलाही नाही. परत जाताना मात्र बायकोला म्हणाला, "आज बाजारातून जाऊ."

दोघं भर बाजारातून, मधोमध, सावकाश चालत घरी गेली.